ट्यून केलेल्या गाडीतील इग्निशन टायमिंग आणि नॉक सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमॅप केलेल्या, म्हणजे ईसीयूतले (इंजिन चालवणाऱ्या संगणकातले) तक्ते किंवा मॅप बदललेल्या, किंवा स्वतंत्र ईसीयू बसवलेल्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणा बहुतेक वेळा फोक्सवॅगन आणि स्कोडा यांच्या टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, इंजिनांबद्दल असते, म्हणून उदाहरणेही मुख्यतः तिथली आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल. जेथे एक विषय दुसऱ्यात शिरतो, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इग्निशन टायमिंग म्हणजे नेमके काय, आणि रिमॅप करताना त्याला हात का लावावा लागतो?

ठिणगी पडताक्षणी सगळे मिश्रण जळून जात नाही; प्लगजवळ पेटलेल्या ज्वालेला सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन सर्वांत वर, म्हणजे टीडीसीला, पोहोचण्याआधीच काही अंश ठिणगी टाकावी लागते. सिलिंडरमधला दाब टीडीसीनंतर साधारण १२ ते १६ अंशांवर कमाल पातळीला पोहोचला, तर क्रँकला सर्वांत चांगला जोर मिळतो. ३,००० आरपीएमला क्रँक एक अंश फिरण्यासाठी सुमारे ५६ मायक्रोसेकंद घेतो आणि ६,००० आरपीएमला केवळ २८. त्यामुळे आरपीएम वाढला की ठिणगी अधिक आधी टाकावी लागते, ज्याला टायमिंग ॲडव्हान्स करणे म्हणतात. याउलट टर्बोचा दाब वाढला की मिश्रण दाट होते, वेगाने जळते आणि अधिक तापते, म्हणून तेथे टायमिंग मागे, म्हणजे रिटार्ड, घ्यावे लागते. रिमॅपमध्ये बूस्ट, म्हणजे हा टर्बोचा दाब, वाढवला आणि टायमिंगचा नव्याने विचार केला नाही, तर ते काम अर्धवट झालेले असते.

२. माझ्या गाडीतून कसलाही आवाज येत नाही. मग नॉकिंग होत नाही असे समजावे का?

नाही. ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटते, तेव्हा सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आदळू लागतात, हेच नॉकिंग. या लाटांची वारंवारता प्रामुख्याने बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, व्यासावर अवलंबून असते. १.० टीएसआयचा बोअर ७४.५ मिलिमीटर आहे, त्यावरून ती साधारण ७.७ किलोहर्ट्झ येते. जुन्या गाड्यांत हा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा स्पष्ट ऐकू येत असे. आजच्या गाडीत आवाजरोधक थर, बंद काचा आणि फुल थ्रॉटलला होणारा एक्झॉस्टचा आवाज यांखाली तो दबून जातो. पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटेपर्यंत चालकाला काहीच ऐकू आलेले नसते, असेही घडते. कानावर विसंबू नका, लॉग, म्हणजे ईसीयूतल्या आकड्यांची नोंद, पाहा.

३. नॉक सेन्सर काय करतो, आणि ईसीयू त्यावरून काय ठरवतो?

इंजिन ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेला हा पिझोइलेक्ट्रिक सेन्सर कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करतो. ईसीयू तो संकेत सतत ऐकत नाही. प्रत्येक सिलिंडरच्या ज्वलनानंतरच्या ठरावीक अंशांच्या खिडकीतच, आणि त्या इंजिनाच्या नॉकिंगच्या वारंवारतेच्या आसपासच तो ऐकतो. ऐकलेली पातळी नेहमीच्या पार्श्वभूमीच्या आवाजापेक्षा ठरावीक पटीने जास्त भरली, की त्या सिलिंडरचे टायमिंग लगेच काही अंश मागे घेतले जाते आणि नंतर हळूहळू, छोट्या टप्प्यांनी, पूर्ववत केले जाते. खिडकी कोणत्या सिलिंडरची आहे हे ईसीयूला ठाऊक असल्यामुळे एकच सेन्सर तीन किंवा चार सिलिंडरांचा वेगवेगळा हिशेब ठेवू शकतो.

४. लॉगमध्ये नॉकसाठी टायमिंग मागे घेतलेले दिसते. किती अंशांपर्यंत चालते?

शून्य दिसलेच पाहिजे असा हट्ट धरू नये. टर्बो पेट्रोल इंजिन नॉकिंगच्या सीमेजवळच चालवले जाते, त्यामुळे एखाद्या सिलिंडरमध्ये अधूनमधून २ ते ३ अंशांचे रिटार्ड दिसून ते लगेच ओसरत असेल, तर त्यात वावगे नाही. एकाच आरपीएमला दर वेळी ५-६ अंश किंवा त्याहून अधिक रिटार्ड येत असेल, सगळे सिलिंडर एकदम मागे जात असतील, किंवा आरपीएम वाढेल तसे रिटार्ड साठतच जात असेल, तर तो मॅप त्या गाडीला, त्या पेट्रोलला आणि त्या हवामानाला पेलत नाही असे समजावे.

लॉग घेताना तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमपासून वरपर्यंत एकसलग फुल थ्रॉटल द्यावा, आणि तो डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर ठेवून चाके फिरवता येणाऱ्या चाचणी यंत्रावर, द्यावा. एक्सप्रेसवेवर हा प्रयोग करणे स्वतःच्या आणि इतरांच्या जिवाशी खेळणे आहे. लॉगमध्ये आरपीएम, प्रत्यक्ष टायमिंग, प्रत्येक सिलिंडरचे नॉक रिटार्ड, इनटेक हवेचे तापमान, मागितलेला व मिळालेला बूस्ट, आणि लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण) इतके रकाने तरी हवेत. जुन्या फोक्सवॅगनमध्ये व्हीसीडीएस या निदान सॉफ्टवेअरच्या मेजरिंग ब्लॉक ०२० मध्ये चारही सिलिंडरांचे रिटार्ड एकत्र मिळते आणि त्या पिढीच्या ईसीयूत ते ०.७५ अंशांच्या पटीत बदलते. नुसता टायमिंगचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. तो कमी दिसण्याची इतर कारणे प्रश्न १० आणि ११ मध्ये आहेत.

५. स्कॅनरवर पी०३२५ किंवा पी०३२७ हा दोष-कोड आला आहे. याचा अर्थ इंजिन नॉक होत आहे असा होतो का?

हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. पी०३२५ हा सेन्सरच्या सर्किटमधला दोष, पी०३२६ हा संकेत अपेक्षित कक्षेत नसल्याचा दोष, पी०३२७ म्हणजे संकेत फार कमी आणि पी०३२८ म्हणजे फार जास्त. पी०३२४ हा ईसीयूच्या नॉक नियंत्रण यंत्रणेचा दोष आहे, तर पी०३३० पासूनची मालिका दुसऱ्या सेन्सरसाठी असते. यांपैकी बहुतेक कोड सांगतात ते इतकेच, की ईसीयूला नीट ऐकू येत नाही. प्रत्यक्ष नॉकिंग होत असताना अनेकदा कोणताच कोड येत नाही, कारण यंत्रणा आपले काम व्यवस्थित करत असते. अपवाद पी०३२६ आणि पी०३२८ यांचा: सततचे जोरदार नॉकिंग किंवा ब्लॉकवर आदळणारा दुसरा आवाज यांमुळेही हे दोन येऊ शकतात.

असा कोड असताना ईसीयू सावधगिरी म्हणून टायमिंग सरसकट मागे घेतो. गाडी शांतपणे, बूस्ट न देता, घरापर्यंत नेता येते; मात्र भरलेल्या गाडीने खंडाळ्याचा घाट चढू नये.

६. सेन्सर नवा टाकला, तरी कोड परत येतो. आता काय?

सेन्सर हा या सर्किटमधला सर्वांत टिकाऊ भाग आहे, त्यामुळे त्याच्यावर संशय शेवटी घ्यावा. आधी कप्लर उघडून पिना हिरव्या पडल्या आहेत का, आत तेल किंवा पाणी शिरले आहे का ते पाहावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हेच कारण वारंवार निघते. अनेक इंजिनांत सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखाली असतो, म्हणून टर्बो किंवा इंजेक्टरचे काम झाल्यावर वायर दोन भागांमध्ये चिमटलेली आढळते. या वायरला बाहेरून जाळीचे कवच असते; ते तुटले किंवा त्याची अर्थिंग सुटली, तर इग्निशन कॉईलचा विद्युत गोंधळ थेट संकेतात मिसळतो. ट्यूनिंगच्या वेळी हार्नेस लांबवून साधी वायर जोडली असेल, तर ती काढून कवच असलेलीच वायर टाकावी.

त्यानंतर बसवण्याची पद्धत तपासावी. बॉशच्या मधोमध भोक असलेल्या सपाट सेन्सरचा एम८ बोल्ट २० न्यूटन-मीटरला, फार तर ५ न्यूटन-मीटरच्या फरकाने, कसायचा असतो. एका रिमॅप केलेल्या पोलोत दोन सेन्सर बदलूनही पी०३२७ जात नव्हता. बोल्ट काढल्यावर सेन्सर आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक स्प्रिंग वॉशर आणि त्यावर सुकलेला गॅस्केट शेलॅक निघाला. ब्लॉकचा पृष्ठभाग कापडाने साफ करून, वॉशर काढून, टॉर्क पान्याने बोल्ट कसल्यावर त्याच जुन्या सेन्सरवर कोड गेला. सेन्सरचा धातू ब्लॉकच्या धातूला थेट भिडलाच पाहिजे: मध्ये वॉशर, रंग, गंज किंवा सीलंट काहीही नको.

७. मल्टिमीटरने सेन्सर तपासता येतो का?

अर्धाच. सपाट प्रकारच्या सेन्सरच्या दोन पिनांमध्ये रोध १ मेगाओहमपेक्षा जास्त दिसायला हवा. त्याहून फारच कमी असेल, तर आत गळती आहे. पण काही जपानी गाड्यांतील सेन्सरमध्ये आतच समांतर रोधक बसवलेला असतो आणि तेथे काही लाख ओहमचे वाचन अगदी योग्य असते, म्हणून त्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल पाहिल्याशिवाय सेन्सर बाद ठरवू नये. रोध बरोबर असूनही सेन्सर बहिरा असू शकतो. खरी परीक्षा ऑसिलोस्कोपवर होते: इंजिन बंद ठेवून सेन्सरच्या शेजारी ब्लॉकवर छोट्या हातोडीने हलका ठोका द्यावा, आणि पडद्यावर झटकन उसळून विरत जाणारी लहर दिसते का ते पाहावे. सेन्सरवर मात्र कधीही ठोकू नये.

८. रिटार्ड दिसते आहे. पण ते खऱ्या नॉकिंगमुळे की दुसऱ्याच आवाजामुळे, हे कसे ओळखावे?

ट्यून केलेल्या गाडीच्या निदानात कौशल्य लागते ते येथेच, आणि बहुतेक चुकाही येथेच होतात. सैल झालेला हीट शील्ड, सबफ्रेमला टेकणारा डाउनपाइप, कडक पॉलियुरेथेनचे इंजिन माउंट, सैल टायमिंग चेन, मोकळ्या मापाने बसवलेले फोर्ज्ड पिस्टन या सगळ्यांचा आवाज सेन्सरपर्यंत पोहोचतो. फोर्ज्ड पिस्टन गार असताना बोअरमध्ये थोडे हलतात, म्हणून अशा इंजिनात गार असतानाचे रिटार्ड आणि पूर्ण तापल्यावरचे रिटार्ड वेगवेगळे नोंदवावे.

पहिली कसोटी पेट्रोलची. टाकी जवळजवळ रिकामी करून जास्त ऑक्टेनचे, म्हणजे नॉकिंगला अधिक विरोध करणारे, पेट्रोल भरावे, गाडी थोडी चालवून जुने पेट्रोल लाइनमधून जाऊ द्यावे आणि तोच लॉग पुन्हा घ्यावा. रिटार्ड लक्षणीय कमी झाले, तर नॉकिंग खरे होते. दुसरी कसोटी टायमिंगची: ट्यूनरकडून त्या पट्ट्यात ३ अंश टायमिंग कमी करून घ्यावे. खरे नॉकिंग याला हमखास प्रतिसाद देते. तेवढेच रिटार्ड त्याच आरपीएमला पुन्हा आले, तर शोध आवाजाचा घ्यावा. तिसरी खूण लोडची आहे: अर्ध्या थ्रॉटललाही नेमक्या त्याच आरपीएमला रिटार्ड येत असेल, तर एखादा भाग त्या आरपीएमला थरथरतो आहे. गाडी लिफ्टवर घेऊन एक्झॉस्ट हाताने हलवून पाहावा. धातूवर चकाकणारी घासल्याची खूण पुष्कळ काही सांगते.

याखेरीज एक जुनी आणि भरवशाची रीत आहे. तांब्याच्या नळीचे एक टोक चपटे करून, त्याला भोक पाडून, ते सेन्सरजवळच्या एखाद्या रिकाम्या बोल्टच्या जागी कसतात. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप लावून तो आवाजरोधक कानटोपात सोडतात. डायनोवर हा कानटोप घालून उभा राहिलेला अनुभवी माणूस नॉकिंगचा कोरडा, तीक्ष्ण 'टक्' इतर आवाजांतून वेगळा काढू शकतो, आणि त्याच क्षणी लॉगमध्ये काय दिसते याच्याशी त्याचा मेळ घालता येतो.

९. कोणते पेट्रोल भरावे, आणि ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मुळे टायमिंगवर परिणाम होतो का?

ज्या पेट्रोलवर मॅप लिहिला, तेच भरावे. येथे एक धोकादायक घोटाळा होतो. अमेरिकेतील पंपावर लिहिलेला ऑक्टेन वेगळ्या पद्धतीने मोजलेला असतो: तिथला ९१ म्हणजे आपल्याकडच्या आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) पद्धतीने साधारण ९५ ते ९६, आणि तिथला ९३ म्हणजे साधारण ९७ ते ९८. आपल्या बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलला ९१ आणि प्रीमियमला ९५ ही आरओएनची किमान मर्यादा आहे. अमेरिकेहून आलेली '९१ ऑक्टेन'ची फाइल आपल्या ९१ वर चालवली, तर नॉकिंग होणारच. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे एक्सपी१०० आणले तेव्हा पहिल्या १० शहरांत मुंबई आणि पुणे होते; पण एक्सपी१०० वर लिहिलेला मॅप घेऊन ते न मिळणाऱ्या गावी जाणार असाल, तर कमी ऑक्टेनचा दुसरा मॅप जवळ हवाच.

इथेनॉल स्वतः नॉकिंगला चांगला विरोध करते, त्यामुळे ई-२० ने नॉकिंग वाढते हे सरसकट खरे नाही. अडचण मिश्रणाची आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, तर ई-२० ला सुमारे १३.५ पट, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी सुमारे ९ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. मूळ ईसीयू लॅम्डा सेन्सरच्या मदतीने हे बरेचसे भरून काढतो. पण इथेनॉलविरहित पेट्रोलवर ट्यून झालेला आणि फुल थ्रॉटलला केवळ तक्त्यावर चालणारा स्वतंत्र ईसीयू मिश्रण कोरडे (इंधन कमी, हवा जास्त) करतो, आणि कोरड्या, तापलेल्या मिश्रणात नॉकिंगला वाव मिळतो. अशा गाडीचे इंधनाचे तक्ते वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावून पुन्हा तपासावेत.

१०. हिवाळ्यात गाडी उत्तम पळते आणि मे महिन्यात मरगळते. सेन्सर बिघडला आहे का?

बहुधा नाही. इनटेक हवा तापली की ईसीयू नॉकिंगची वाट न पाहताच ठरलेल्या तक्त्यानुसार टायमिंग कमी करतो. लॉगमध्ये टायमिंग कमी, पण नॉक रिटार्ड जवळजवळ शून्य दिसते. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात, रहदारीत उभ्या राहिलेल्या गाडीला हे होणारच. १.० टीएसआयमध्ये इंटरकूलर पाण्याने थंड होतो आणि त्याला स्वतंत्र विद्युत पंप असतो. तो पंप बंद असेल किंवा त्या सर्किटमध्ये हवा अडकली असेल, तर गाडी वेगात असतानाही इनटेकचे तापमान उतरत नाही. तापमान उतरते की नाही, एवढे आधी पाहावे.

११. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना) टायमिंग सारखे वरखाली होते, आणि डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअर बदलताना तर टीडीसीच्याही मागे जाते. हा दोष आहे का?

हा दोष नाही. आयडलला ईसीयू थ्रॉटलपेक्षा टायमिंग वापरून आरपीएम स्थिर ठेवतो, कारण ठिणगीचा परिणाम तत्काळ होतो. गिअर बदलताना आणि ट्रॅक्शन कंट्रोल काम करताना टॉर्क क्षणभर कमी करण्यासाठी टायमिंग मुद्दाम मागे नेले जाते. नॉक रिटार्डचा रकाना स्वच्छ असेल, तर याकडे दुर्लक्ष करावे.

१२. कमी आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये घाट चढताना एकदाच मोठा 'ठण्' आवाज झाला. लॉगमध्ये काहीच विशेष नाही. हे काय?

ही ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याची घटना असण्याचा दाट संभव आहे. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत साधारण १,५०० ते २,५०० आरपीएमला, भरपूर बूस्ट असताना ती होते. बोअरच्या भिंतीवरून उडालेले ऑइलचे थेंब किंवा सुटलेले कार्बनचे कण हे तिचे प्रमुख कारण मानले जाते. आग ठिणगीआधीच लागत असल्याने टायमिंग रिटार्ड करून ती थांबत नाही, आणि एकच घटना पिस्टन फोडू शकते. उपाय दोन आहेत. रिमॅपमध्ये २,००० आरपीएमच्या खालचा टॉर्क मर्यादित ठेवून घ्यावा. तेथे ओढ वाढवून दाखवणारे मॅप मला बेजबाबदार वाटतात. आणि ऑइल या घटनेविरुद्ध चाचणी झालेले, म्हणजे २०१८ मध्ये आलेल्या एपीआय एसएन प्लस किंवा २०२० मध्ये आलेल्या एसपी दर्जाचे असावे. घाटात गिअर खाली घ्यावा.

१३. स्वतंत्र ईसीयू बसवला आहे. पडद्यावर १५ अंश दिसतात. प्रत्यक्षात तेवढेच आहेत हे कशावरून?

ठिणगीसोबत चमकणाऱ्या टायमिंग लाइटने पाहिल्याशिवाय कशावरूनही नाही. ईसीयूत टायमिंग एका आकड्यावर कायम करावे, पहिल्या सिलिंडरची कॉईल वर उचलून प्लगपर्यंत एक एचटी लीड (ठिणगीचा उच्च दाब वाहणारी वायर) लावावी, तिच्यावर लाइटचा चिमटा बसवावा आणि पुलीवरची खूण पाहावी. क्रँकवरच्या ६० वजा २ दात्यांच्या चाकात एक दाता ६ अंशांचा असतो, म्हणून ६ अंशांची चूक निघाली, तर ट्रिगरची, म्हणजे या चाकाच्या संकेताची, मांडणी एका दात्याने चुकली आहे. त्यानंतर ४,००० आरपीएमला पुन्हा पाहावे. खूण आरपीएमनुसार सरकत असेल, तर क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या असण्याची किंवा सेन्सरच्या विलंबाची भरपाई चुकीची असण्याची शक्यता आहे.

येथे दोन अपवाद लक्षात ठेवावेत. दोन सिलिंडरांना एकाच वेळी ठिणगी देणाऱ्या कॉईलवर, अंश फिरवून मोजणारा टायमिंग लाइट दुप्पट आकडा दाखवू शकतो. तो शून्यावर ठेवून खूण थेट वाचावी. आणि जुन्या डँपर पुलीचे रबर सुटून बाहेरची कडी फिरली असेल, तर खूणच खोटी असते. पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर अडवणारा दांडा) वापरून खरा टीडीसी शोधला, की याचा उलगडा होतो.

१४. टायमिंग चेन सैल झाली तर इग्निशन टायमिंग बदलते का?

थेट नाही, कारण ठिणगीचा हिशेब क्रँक सेन्सरवरून होतो. बदलते ते व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे वेळापत्रक, ज्यासोबत बहुधा पी००१६ हा कोड येतो. चेनचा खडखडाट मात्र नॉक सेन्सरला ऐकू जातो. पुढचे निदान प्रश्न ८ प्रमाणे करावे.

१५. रिमॅपऐवजी ट्यूनिंग बॉक्स लावला आहे. त्यानंतरच रिटार्ड का वाढले?

कारण बॉक्स बूस्ट सेन्सरचा आकडा कमी करून ईसीयूला सांगतो. ईसीयू खरा दाब न कळल्यामुळे कमी लोडसाठीचे, म्हणजे अधिक ॲडव्हान्स, टायमिंग देतो आणि पुढचे सारे नॉक सेन्सरवर सोपवले जाते. निदानाची पहिली पायरी म्हणून बॉक्स काढून लॉग घ्यावा.

१६. सीएनजी किट बसवल्यापासून पेट्रोलवर टिकटिक होते. संबंध आहे का?

असू शकतो. सीएनजीची ज्वाला पेट्रोलपेक्षा हळू पसरते आणि नॉकिंगला तिचा विरोध पुष्कळ जास्त असतो, म्हणून काही किटसोबत क्रँकचा संकेत मध्येच पकडून टायमिंग पुढे नेणारा प्रोसेसर बसवतात. गाडी पेट्रोलवर येताच तो बाजूला झाला पाहिजे. त्याची वायर चुकीची जोडली असेल, तर पेट्रोललाही तेच वाढीव ॲडव्हान्स मिळते, आणि ईसीयूला त्याचा पत्ता नसल्याने स्कॅनरवर टायमिंग नेहमीसारखेच दिसते. हे फक्त टायमिंग लाइटवर उघड होते.

१७. ट्यूनर म्हणतो, 'सेन्सर फार नाजूक आहे, त्याची संवेदनशीलता कमी करू.' करून घ्यावे का?

प्रश्न ८ मधील कसोट्यांनी आवाज खोटा असल्याचे सिद्ध झाले असेल, आणि फोर्ज्ड पिस्टनसारखे न काढता येणारे कारण असेल, तरच. तेही त्या आरपीएमच्या पट्ट्यापुरतेच आणि डायनोवर कानाने खात्री करत. जुन्या आणि नव्या उंबरठ्याचे आकडे लेखी मागून घ्यावेत. मूळ पिस्टन असलेल्या, रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत लॉग स्वच्छ दिसावा म्हणून हे करणाऱ्या माणसाकडे गाडी ठेवू नये.

१८. पेट्रोल चांगले, तापमान ठीक, सेन्सर ठीक. तरीही एकाच सिलिंडरमध्ये रिटार्ड येते. कारण काय असावे?

या वेळी मॅपकडे न पाहता त्या सिलिंडरकडे पाहावे. आधी प्लग आणि कॉईल शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून लॉग घ्यावा. रिटार्ड त्यांच्यासोबत गेले, तर कारण सापडले. प्लगची उष्णता-श्रेणी पाहताना लक्षात ठेवावे, की एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग आणि बॉशमध्ये नेमके उलटे. प्लग जागेवर राहून रिटार्डही तेथेच राहिले, तर अर्धवट तुंबलेला इंजेक्टर, व्हॉल्व्ह किंवा रिंगांतून येणारे ऑइल आणि पिस्टनवर साठलेला कार्बन या क्रमाने शोध घ्यावा. ऑइलची वाफ मिश्रणाचा ऑक्टेन खाली ओढते, म्हणून इनटेकचा पाइप आतून ओला आहे का हेही पाहावे.

काढलेला प्लग उन्हात, भिंगाखाली धरावा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके असतील, तर नॉकिंग खरे आहे. त्यांत चंदेरी, चकाकणारे बारीक गोळे दिसले, तर ते पिस्टनचे वितळलेले ॲल्युमिनियम आहे. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू न करता बोअरस्कोप घालून पिस्टनचा माथा पाहावा आणि त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे.